भीडस्त दुपार

पन्नाशीच्या आसपासची चार माणसं एकत्र बसली की पहिला अर्धा तास गुडघ्यांवर जातो, दुसरा साखरेवर जातो, आणि तिसऱ्या अर्ध्या तासाच्या सुरुवातीला कोणीतरी एक दीर्घ सुस्कारा टाकून म्हणतं, "काय दिवस होते ते! एकाच्या घरी टीव्ही, आणि अख्खी आळी सिनेमाला!" मग सगळ्यांच्या माना डोलतात. मान डोलवायला गुडघे लागत नाहीत, त्यामुळे ह्या व्यायामात आमची पिढी पुष्कळ पुढे आहे.

मीही मान डोलवतो. नाही कशाला म्हणू? पण मला वाक्यं तपासायची एक वाईट खोड आहे, आणि ह्या आठवणींची वाक्यं तपासताना मला अलीकडे एक चमत्कारिक गोष्ट आढळली. "दारं सताड उघडी असायची." "सतरंजी अंथरलेली असायची." "मध्येच चहा व्हायचा." "सगळ्यांना लाडू मिळायचे." आता शाळेतले मास्तर आठवा आणि ह्या वाक्यांतला कर्ता शोधून दाखवा बरं! दार आपोआप उघडं, सतरंजी आपोआप पसरलेली, आणि चहा तर पाऊस पडावा तसा व्हायचा! आठवणींच्या व्याकरणात कर्म असतं, क्रियापद असतं, विशेषणं तर पोत्यानं असतात. कर्ता तेवढा नसतो. असलाच तर तो 'आम्ही', आणि आम्ही काय करायचो? तर बघायचो!

ह्या हरवलेल्या कर्त्याचा शोध घ्यावा, एवढाच ह्या लेखाचा उद्देश आहे. शोधासाठी आपल्याला पडेगावला जावं लागेल.

पडेगाव म्हणजे औरंगाबादहून वेरूळला जाताना छावणी ओलांडल्यावर लागतं ते. आता शहराचं नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे, पडेगावात सोसायट्या झाल्या आहेत, आणि रिक्षावाला विचारतो, "पडेगावात कुठं?" माझ्या लहानपणी हा प्रश्न उद्भवत नसे. पडेगाव हेच 'कुठं'चं उत्तर होतं. पुढे मिटमिटा, मग दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ. परदेशी पाहुण्यांनी भरलेल्या बसगाड्या आमच्या गावावरून धूळ उडवीत कैलास लेणं बघायला जायच्या, आणि आम्ही त्या बसगाड्या बघायला रस्त्यावर उभे राहायचो. बघणं हा आमच्या गावचा जुनाच छंद होता. टीव्ही आल्यावर तो बसून करता येऊ लागला, इतकंच.

तसा आमचा जिल्हा टीव्हीच्या बाबतीत मागासलेला नव्हता. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना आला आणि देशभरच्या दिवाणखान्यांत आमच्या जिल्ह्यातले संच जाऊन बसले. आमच्या आळीतला एकुलता एक संच मात्र त्याच्या आधीच्या घराण्यातला होता. कृष्णधवल, चार पायांचा, आणि दुकानासारखं लाकडी शटर असलेला. शटरला कुलूप लावायची सोय होती. ते कुलूप आणि त्याची किल्ली खिळ्याला एकत्रच लटकलेली असत. कुलूप कधी लागलेलं मी पाहिलं नाही. ही किल्ली लक्षात ठेवा, आपल्या शोधात तो एक पुरावा आहे.

हा संच होता शेजारच्या काकूंकडे. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना, आणि तिचं तोंड म्हैसमाळच्या दिशेला. म्हैसमाळच्या डोंगरावर गिरिजामातेचं देऊळ आहे आणि टीव्हीचा मनोराही आहे. त्यामुळे वायव्येकडे तोंड करून हात वर केलेला माणूस गच्चीवर दिसला तर तो देवीला नमस्कार करतो आहे की अँटेना फिरवतो आहे हे खालून सांगता येत नसे. दोन्हींत श्रद्धा सारखीच लागे. खालून ओरडायचं, "आलं! गेलं! आलं! अरे आलं होतं, कशाला फिरवलीस?" संसाराबद्दल ह्याहून वेगळं तत्त्वज्ञान मी पुढे कुठं वाचलेलं नाही.

मी सांगतो तो काळ साधारण १९८८ ते १९९२चा. रविवार सकाळ ही 'महाभारता'ची. त्याच्या आधी 'रामायण' होतं, जानेवारी १९८७ ते जुलै १९८८. आणि 'महाभारत' आलं ते २ ऑक्टोबर १९८८ला, ते जून १९९० पर्यंत चाललं. त्या सकाळच्या गर्दीला एक प्रतिष्ठा होती. लोक आंघोळ करून येत. कोणी टीव्हीला हार घाली, कोणी उदबत्ती लावी. अशा गर्दीला घरात घेण्यात घरमालकाला पुण्य होतं. पण आमचं खरं प्रेम होतं ते दुपारच्या सिनेमावर, आणि त्यात कोणालाच पुण्य नव्हतं.

रविवारी दुपारी दूरदर्शन प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवी. त्याच्या आधी कर्णबधिरांसाठीच्या बातम्या लागत. ह्या बातम्या १९८७ साली सुरू झाल्या. त्यांतल्या हातवाऱ्यांचा आमच्यावर इतका परिणाम झाला की सिनेमा चालू असताना पाणी हवं असलं तर आम्ही तोंडानं न मागता खुणेनं मागायचो. काकूही दारात उभ्या राहून, बोटं उंचावून, भुवयांनीच विचारायच्या: चहा किती? आळीतल्या कोणाच्याही कानात दोष नव्हता, पण रविवारी दुपारी दीड ते चार आमचा सगळा व्यवहार त्याच भाषेत चाले.

मग सिनेमा. दूरदर्शनचा न्याय असा की भाषांची पाळी इंग्रजी अद्याक्षरांच्या क्रमानं. आसामी, बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, मणिपुरी आणि मग कुठं मराठी! आपल्या भाषेची पाळी येईपर्यंत आम्ही निम्मा भारत फिरून यायचो. ज्या आळीतली बहुतेक माणसं पैठणच्या पलीकडे गेलेली नव्हती त्या आळीनं ब्रह्मपुत्रेचा पूर पाहिला, केरळातली तळी पाहिली, आणि कन्नड मठातल्या मुंडन केलेल्या विधवांची दुःखं पाहून पदरानं डोळे पुसले. गाणी नाहीत, मारामारी नाही, नायक धड हसत नाही. बहुतेक सिनेमे राष्ट्रीय पारितोषिकं मिळालेले. पारितोषिक मिळालेला सिनेमा ओळखण्याची आमची खूण अशी की त्यात एक माणूस बराच वेळ चालत जातो आणि कोणीही त्याला कुठं चाललास म्हणून विचारत नाही.

खाली इंग्रजीत अक्षरं उमटत. काका सरकारी नोकरीत, इंग्रजी वाचू शकणारे, म्हणून दुभाष्याचं काम त्यांच्याकडे. पण एक ओळ वाचून, समजून, मराठीत आणून सांगेपर्यंत पडद्यावर दुसरी ओळ येऊन गेलेली असे. त्यामुळे आई मरायची तेव्हा काका सांगत असत, "ती विचारते आहे, जेवलास का?" त्यातून ती अक्षरं पांढरी. मल्याळम सिनेमात सगळे पुरुष पांढऱ्या लुंगीत. अक्षरं लुंगीवर आली की संवाद बुडाला! आळीतल्या खाला दारातूनच विचारायच्या, "आज कौनसी जबान का है?" मल्याळम म्हटलं की म्हणायच्या, "फिर तो समझना नको, देखनाच." आणि येऊन बसायच्या. मला वाटतं, चित्रपटसमीक्षेतलं एवढं नेमकं वाक्य पुढे कोणी लिहिलं नसेल.

तर अशी ती दुपार. बाहेर मराठवाड्याचं ऊन, खिडक्यांना ओली गोणपाटं, आत सतरंजीवर लहानमोठी वीस-बावीस माणसं, आणि उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. पडद्यावर व्यत्ययाबद्दल खेद व्यक्त करणारी पाटी आली तरी कोणी उठायचं नाही. पाटीकडेही आम्ही पारितोषिकप्राप्त असल्यासारखे बघत राहायचो. सिनेमा समजला नाही तरी तो सगळ्यांना मिळून समजला नाही, ह्यात एक समाधान होतं. आज मला एकट्याला पुष्कळ गोष्टी समजत नाहीत, आणि त्यात ती मजा नाही.

इथपर्यंतची आठवण म्हणजे मान डोलवण्यापुरती झाली. आता कर्त्याकडे वळू.

काकूंचा आठवडा असा होता. सोमवार ते शनिवार पहाटे पाचला पाणी, मग डबे, मग धुणं, मग गिरणी, मग कोणाचं तरी दुखणंखुपणं. दुपारी डोळा लागायची वेळ आणि मुलं शाळेतून यायची वेळ एकच. राहिला रविवार. रविवारी सकाळी 'महाभारता'ची पन्नास माणसं. ती गेली की स्वयंपाक, जेवणं, उष्टी-खरकटी. एक वाजता आठवड्यात पहिल्यांदा त्या बाईला पाठ टेकायला दोन तास मिळण्याची शक्यता निर्माण होई, आणि नेमकं तेव्हाच उंबऱ्यावर चपला वाजायला लागत!

त्या कधी "आज नको" म्हणाल्या नाहीत. शटरचं कुलूप खिळ्याला लटकत राहिलं. एकदा कधी म्हणाल्या असत्या, "पोरांनो, संच बिघडला आहे," तर आम्ही निमूटपणे परत गेलो असतो. संच बिघडणं हे त्या काळी ताप येण्याइतकं नैसर्गिक होतं. पण त्यांनी तेही केलं नाही. दारात उभ्या राहून त्या बोटांनी चहा मोजत राहिल्या.

का? आता इथं आपण 'त्या काळची माणसंच तशी होती' असं म्हणून मोकळे होतो. पण माणसं कुठल्याही काळची झोपेच्या बाबतीत सारखीच असतात. काकू काही संत नव्हत्या. कोथिंबिरीची जुडी लहान निघाली तर भाजीवाल्याला दोन आळ्या पलीकडून परत बोलावीत. त्यांनी दार उघडं ठेवलं ह्याचं खरं कारण आपल्या भाषेत दोन अक्षरी शब्दात आहे: भीड.

ह्या शब्दाची परभाषेत फार आबाळ होते. तो लाजणं नव्हे, भिणंही नव्हे. समोरच्याला 'नाही' म्हणताना आपल्याच घशात जो आवंढा येतो, ती भीड. ती पडते, घालता येते, चेपते, आणि कधी कधी माणूस तिला बळीही पडतो. आपल्या पूर्वजांचं तिच्याविषयीचं मत फारसं बरं नाही. 'भीड भिकेची बहीण' असं म्हणून त्यांनी तिला चांगल्या घरातून उठवून लावलं. आमच्या भागात उर्दूची सोबत असल्यामुळे खाला हिलाच मुरव्वत म्हणत, आणि मराठीनं दोघींना शेजारी शेजारी बसवून 'भीडमुर्वत' असा जोडशब्द केला. काकू आणि खाला सतरंजीच्या टोकाला बसत, अगदी तशा!

आता प्रश्न असा की भिडेपोटी केलेलं चांगलं काम हे चांगलं म्हणायचं का? हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आपण ज्यांच्यासाठी सुस्कारे टाकतो त्या सगळ्या उघड्या दारांची किंमत ह्याच्या उत्तरावर ठरणार आहे. दार प्रेमानं उघडं होतं की नुसतं बंद करता येत नव्हतं म्हणून उघडं होतं?

असल्या प्रश्नांत जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्यांना विचारण्याची पद्धत आहे. १७८५ साली त्यांनी नीतीवर एक छोटं पण पचायला जड पुस्तक लिहिलं. त्यात एक दुकानदार आहे. तो कोणालाही फसवत नाही. लहान मूल आलं तरी तोच भाव. कांट म्हणतात, छान आहे, पण दुकान चालावं म्हणून तो असं करत असेल तर त्यात नैतिक थोरवी नाही. बरं, एखादा कनवाळू माणूस, ज्याला दुसऱ्याला सुखी करण्यातच सुख वाटतं, तो? त्यालाही कांट पास करत नाहीत. तो तर आपल्या आवडीचंच करतो आहे! पूर्ण गुण कोणाला, तर ज्याला आतून कसलीही ओढ नाही आणि तरीही जो केवळ कर्तव्य म्हणून करतो त्याला.

मी काकूंना ह्या परीक्षेला बसवून पाहिलं. स्वार्थ? नव्हता, उलट साखर जायची. आवड? झोप सोडून कन्नड सिनेमा बघण्याची आवड कोणाला असेल? मग कर्तव्य? पण कर्तव्य म्हणजे विचार करून, ताठ मानेनं केलेली गोष्ट. काकूंनी विचार केलाच नव्हता. त्यांना 'नाही' म्हणवलं नाही, बस्स. कांटसाहेबांच्या तक्त्यात भिडेचा रकानाच नाही. एवढे गहन तत्त्वज्ञ, पण सगळं आयुष्य कोनिग्सबर्गात आणि त्याच्या आसपास गेलं, आळीत राहिलेले दिसत नाहीत.

नाही म्हणायला कांट ह्यांनाही पाहुण्यांची हौस होती. दुपारी एक वाजता ते जेवणाला मंडळी बोलावीत. मात्र त्यांचा नियम असा की पंगतीत माणसं तीनपेक्षा कमी नकोत आणि नवापेक्षा जास्त नकोत. पाहुणे निघून गेले की साहेब आपले एकटे फिरायला. हे सगळं सुरळीत चाले कारण घरात लांपे नावाचा एक निवृत्त शिपाई नोकर होता. त्यानं जवळजवळ चाळीस वर्षं चाकरी केली. पहाटे पाचला साहेबांना उठवायचं ते त्यानं आणि पाहुण्यांचं बघायचं ते त्यानं. अहो, लांपे असल्यावर कोणाला सुचणार नाही नीतिशास्त्र? काकूंकडे वीस-बावीस माणसं यायची आणि लांपे नव्हता. किंबहुना काकूच लांपे होत्या. आणि नीतिशास्त्रावरची बहुतेक पुस्तकं लांपेंनी लिहिलेली नाहीत, ही त्या शास्त्रातली एक मोठी उणीव आहे.

मल्याळमच्या पाळीत आम्ही अदूर गोपालकृष्णन ह्यांचा 'एलिप्पत्तायम' पाहिला होता. १९८१चा. नावाचा अर्थ उंदराचा सापळा. त्या वेळी आम्हाला एवढंच कळलं की एका मोठ्या घरात उंदीर झाले आहेत आणि मुलगी त्यांना सापळ्यासकट तळ्यात बुडवते. त्या रात्री आळीतल्या तीन घरांत सापळे लागले. कलेचा समाजावर परिणाम होतो की नाही ह्यावर पुढे मी कधी वाद घातला नाही. अलीकडे तो सिनेमा पुन्हा पाहिला. उंदरांची गोष्ट त्यात फार थोडी आहे. घरातला कर्ता पुरुष काहीच करत नाही. साधी गाय अंगणात शिरली तरी बहिणीला हाक मारतो, आणि ती बहीण, राजम्मा, त्याचं सगळं करता करता खंगून जाते. घरात कोणाला ते दिसत नाही, कारण पाणी तापलेलं असतं, जेवण वाढलेलं असतं. पुन्हा तेच, बिनकर्त्याचं व्याकरण! काका तेव्हा तन्मयतेनं भाषांतर करत होते, आणि मागे स्वयंपाकघरात स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं. तो पुण्यात कुठल्याशा कंपनीत माणसांची मनं सांभाळण्याच्या खात्यात आहे. तो म्हणाला, "मामा, सिंपल आहे. काकूंनी बाउंडरी आखायला हवी होती." आमच्या पडेगावात बाउंडरी म्हणजे एक तर चार धावा, नाही तर कंपाउंडची भिंत. पण त्याचं म्हणणं मला कळलं, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. त्याच्या पिढीत प्रत्येकाच्या हातात आपापला पडदा आणि कानात आपापली बोंडं आहेत. कोणाच्या झोपेवर कोणी सिनेमा बघत नाही. ही प्रगती आहे, आणि तिला प्रगतीच म्हटलं पाहिजे. ज्यांना जुने दिवस परत हवे आहेत त्यांनी आधी सांगावं की ह्या खेपेला झोप कोणाची जाणार आहे!

भाच्याला मी अर्धं पटवून घेतलं असतं, पण मध्ये १९ नोव्हेंबर २०२३ आला. रविवार. अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना, सुरू होणार दुपारी दोनला. मी जेवून, उशी दोनदा थोपटून, सोफ्यावर आडवा होण्याच्या बेतात. आणि दाराची बेल! शेजारची तीन मुलं. त्यांच्याकडचं इंटरनेट बंद पडलेलं. "काका, मॅच बघायला येऊ का?" सौभाग्यवतीनं माझ्याकडे पाहिलं, मी उशीकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं एका सुरात म्हणालो, "या ना, या ना!" ही 'या ना'ची द्विरुक्ती नीट ऐका. मनापासून बोलावणारा माणूस एकदाच 'या' म्हणतो. दुसरा 'या ना' हा भिडेचा.

पण पुढचं सांगण्यासारखं आहे. पहिला तासभर मी पाहुणचाराचा भार वाहिला. मग त्यांचे आजोबा आले, मग त्यांच्या मागून वरच्या मजल्यावरचे. आपले २४० झाले, आणि मग तो ट्रॅव्हिस हेड खेळायला लागला. त्यानं १३७ काढल्या. जसजशा त्याच्या धावा वाढत गेल्या तसतसे आम्ही सगळे एकमेकांच्या जवळ सरकत गेलो. शेवटी तर सगळ्यांत धाकटा माझ्या मांडीला टेकून मुसमुसत होता आणि मी त्याला खोटं खोटं सांगत होतो की हरण्यातही मजा असते. भीड केव्हा गेली आणि तिच्या जागी दुसरं काय येऊन बसलं, मला सांगता येणार नाही. ॲरिस्टॉटलनं म्हणून ठेवलं आहे की न्यायाची कामं करत गेल्यानंच माणूस न्यायी होतो. आधी गुण आणि मग कृती, असं नसतं. तो अथेन्सच्या बाजारातून हिंडलेला माणूस. त्याला आळी ठाऊक असावी. भीड ही बहुधा चांगुलपणाची बालवाडी आहे. तिथं कोणी आपखुशीनं जात नाही, रडत रडतच जातं. पण दाराशी सोडलं नाही तर पुढच्या इयत्ता येणार कुठून?

मात्र ह्यात एक मेख आहे. बालवाडीत प्रत्येकाला बसवलं पाहिजे. आमच्या काळी एकाच बाईला जन्मभर बसवलं आणि बाकीचे सगळे परस्पर पास झाले.

एवढा विचार केल्यावर खुद्द कर्त्यालाच विचारणं प्राप्त होतं. काकू आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. काका गेले. पडेगावातल्या त्याच जागेवर आता वर दोन मजले चढले आहेत. त्या तळमजल्यावर असतात. मी विषय काढला. सिनेमे त्यांना एकही आठवत नव्हता. आठवत होतं ते भलतंच: कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलेला असायचा, कोण दोन लाडू खिशात घालायचं, खाला उठताना सतरंजी स्वतः झटकून घडी घालून जायच्या. "एकट्या त्याच," काकू म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या मानानं हिशेब चोख होता.

शेवटी मी सरळ विचारलं, "काकू, खरं सांगा. झोप येत नव्हती का हो तेव्हा?"

"यायची ना रे. डोळ्यांत वाळू पडल्यासारखी यायची."

"मग दार लावून का नाही घेतलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं मी पुन्हा चौथीत आहे. म्हणाल्या, "दार लावलं असतं तर झोप लागली असती का?"

मी गप्प. कांट आणि ॲरिस्टॉटल दोघंही माझ्याबरोबर गप्प. मग त्यांनी पाय पसरले, पदर सारखा केला आणि सावकाश पुढचं वाक्य टाकलं, "पण तुझ्या काकांनी मधला चहा केला असता ना, तर दार उघडं ठेवूनसुद्धा लागली असती!"

मला वाटतं, त्या काळाविषयी इतकं नेमकं दुसरं कोणी बोललेलं नाही. दार उघडं असण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. ते दार त्यांचं होतं, आणि ते बंद करून झोपणारी बाई त्यांना व्हायचं नव्हतं. ह्याला भीड म्हणा, मुरव्वत म्हणा, नाही तर आणखी काही म्हणा. तक्रार होती ती सतरंजीवर बसलेल्या बाकीच्या वीस जणांबद्दल, ज्यांच्यापैकी एकाही पुरुषाला स्टोव्हचा पंप ऐकू येत नव्हता. कर्णबधिरांच्या बातम्या आमच्याकडे उगीच लोकप्रिय नव्हत्या.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ते दिवस परत यायला माझी हरकत नाही. पुन्हा एका घरी सगळे जमू, पुन्हा लुंगीवरची अक्षरं वाचू, पुन्हा मिळून काही समजणार नाही. फक्त ह्या वेळी मधल्या चहाची पाळी लावून घेऊ, दूरदर्शनवर भाषांची होती तशी, अद्याक्षरांच्या क्रमानं. हा क्रम मराठीचा धरायचा की इंग्रजीचा, असा वाद उकरून काढून पुरुषमंडळी पहिले दोन-तीन रविवार टाळतील, ह्याची मला खात्री आहे. पण चौथ्या रविवारी तरी कोणाला ना कोणाला भीड पडेलच.